चेलोतली बाई

“सर, तुमच्या चेलोत एक बाई सापडली. काढून टाकली मी तिला,” मिक्सवाला फोनवर म्हणाला. मी लिफ्टमध्ये होतो. एका हातात दूध आणि पाव, दुसऱ्या हाताने फोन कानाशी, आणि चौथ्या मजल्याचं बटण कोपराने दाबायच्या बेतात. दाबलं गेलं सातव्याचं. “बाई म्हणजे?” मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं. “गळती, सर. चेलोवाल्याच्या हेडफोनमधला आवाज बाहेर सांडून त्याच्या माइकमध्ये गेलाय. मागे कुणीतरी बाई गातेय, अगदी बारीक. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नसणार. आता एकेक वाद्य सुटं करून ऐकतो ना आपण, तेव्हा असला कचरा सापडतोच. दोन मिनिटांत गायब केली. चेलो आता कसा धुतल्यासारखा वाटतोय बघा!” तो इतका खुशीत होता की मी त्याची पाठ थोपटावी अशीच त्याची अपेक्षा असावी. मी म्हणालो, “काढू नकोस.” तो म्हणाला, “काढली, सर.” मग आपण वयस्क माणसाशी बोलतोय हे आठवून त्याने आवाज मऊ केला. “काय आहे, चार वाजता मिक्स मास्टरिंगला जायचंय. मास्टरिंगवाल्या बाई वेळेच्या किती पक्क्या आहेत तुम्हाला माहीतच आहे. तुम्हाला नुसतं कळवावं म्हटलं. तुमची चूक मी झाकली असं समजा.” लिफ्ट सातव्या मजल्यावर उघडली. समोर कुणाच्या तरी चपला आणि कुंडीत वाळून गेलेलं एक झाड. दार बंद झालं. मी तळमजल्याचं बटण दाबलं आणि दूध-पाव घेऊन तसाच परत रस्त्यावर आलो.

तुमची चूक मी झाकली. चालता चालता मी हे वाक्य चघळत होतो आणि ते गिळलं जात नव्हतं. दुपारचा एक वाजला होता. रस्ता खोदून ठेवला होता, ड्रिलचा आवाज समोरच्या इमारतीवर आपटून अर्धा सेकंद उशिरा परत येत होता, आणि माझ्या डोक्यात सवयीने गणित सुरू झालं की भिंत किती लांब असेल. ही सवय जात नाही. लग्नात, दवाखान्यात, स्मशानातही मी खोलीचा आवाजच ऐकत असतो. चाळीस वर्षं मी हेच केलं. कुणी वाजवलं, कुणी गायलं, की ते जसंच्या तसं पकडायचं. कुठला माइक, किती अंतरावर, कुठल्या कोनात, मागे पडदा ओढायचा की नाही, वाजवणाऱ्याची खुर्ची करकरते का. हे सगळं नीट झालं तर कुणालाही कळत नाही की मी तिथे होतो. बिघडलं तरच माझी आठवण निघते. पुढे मिक्सवाला येतो. तो माझे सगळे वेगवेगळे पकडलेले आवाज एकत्र बसवतो, कुणाला पुढे आणतो, कुणाला मागे ढकलतो, कुणाला पार गप्प करतो. आणि शेवटी मास्टरिंग, म्हणजे शेवटचा कान. तिथे गाण्याचे तुकडे उरत नाहीत, अख्खं गाणंच तेवढं असतं. ते सगळीकडे सारखं वाजेल, घरात, गाडीत, दुकानात, इतकं ते बघतात आणि दार लावून घेतात. हे मी एकदा माझ्या मेव्हण्याला समजावत होतो. सगळे नातेवाईक जमले होते, त्याने खवचटपणे विचारलं होतं, “म्हणजे तुम्ही तिघं मिळून एकच बटण दाबता की काय?” मी म्हणालो, असं समज, मी बाजारातून सगळं निवडून आणतो, मिक्सवाला स्वयंपाक करतो, आणि मास्टरिंगवाल्या बाई पानं वाढतात. मेव्हण्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “मग भावजी, तुम्ही हमाल!” सगळे खो खो हसले. मीही हसलो. माझी बायको तेवढी हसली नाही. ती म्हणाली, “पिशवीत काय टाकायचं आणि काय नाही हे हमालच ठरवतो.” ती सहज म्हणाली, आणि मी विषय बदलला.

कारण चेलोतली बाई म्हणजे माझी बायको. सव्वीस वर्षांपूर्वीची. आता ती चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारते, “हे बरं दिसतंय, की आधीचं?” दिवसभर हाच प्रश्न. गेली पंचवीस वर्षं. त्याआधी ती गायची. गायची म्हणजे कशी, तर डमी गायची. आमच्या धंद्यात मोठी गायिका शेवटी येते, तोवर वाद्यवाले रेकॉर्ड करून घ्यायचे असतात, आणि वाद्यवाल्यांना कानात गाणं लागतं, नाहीतर ते कुठे आहेत हे त्यांना कळत नाही. म्हणून कुणाकडून तरी गाणं गाऊन घेतात. चाल पाठ असलेलं, तालात पक्कं, आणि स्वस्त कुणीतरी. तेच डमी. त्यावर सगळे वाजवतात आणि मग ते पुसून टाकतात. हे पुसणं माझं काम. टेपवर चोवीस ट्रॅक असायचे, म्हणजे शेजारी शेजारी चोवीस पट्ट्या, आणि कुठल्या पट्टीवर काय आहे ते मी एका कागदावर लिहून ठेवायचो. वाद्यं शाईने, डमी पेन्सिलीने. पेन्सिलीने अशासाठी की शेवटी जागा कमी पडली की पहिली गच्छंती डमीची. माझ्या उस्तादाने शिकवलं होतं, पेन्सिलीचं काही जपायचं नसतं. लग्नानंतर चार वर्षं मी माझ्या बायकोचं नाव कागदावर पेन्सिलीने लिहीत होतो आणि रबराने पुसत होतो, आणि संध्याकाळी आम्ही एकाच स्कूटरवरून घरी जायचो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिला वाटलं असेल तर तिने तसं कधी दाखवलं नाही. फक्त प्रत्येक वेळी काचेपलीकडून, माइकसमोरून हलायच्या आधी, ती म्हणायची, “ऐकव ना एकदा, कसं आलंय.” सगळे गाणारे असंच म्हणतात. गाणाऱ्याला आपला आवाज आतून ऐकू येतो, बाहेरून कसा आहे ते त्याला आम्हीच सांगायचं. आणि मी म्हणायचो, “नंतर.” वाद्यवाले खोळंबलेले असायचे. डमी ऐकत कोण बसतो?

मिक्सवाल्याची खोली टायरच्या दुकानाच्या वर होती. जिना चढताना रबराचा वास, वर गेलं की कॉफीचा. दोन दारं, मध्ये हात मावेल इतकी जागा, म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ नये. त्याने दार उघडलं आणि माझ्या हातातल्या दुधाच्या पिशवीकडे बघितलं. “अरे सर! तुम्ही स्वतः कशाला आलात? या, बसा. ते फ्रिजमध्ये ठेवू का?” मला त्याचा राग राग येत होता आणि तो पोरगा चांगला होता, हे त्याहून वाईट. पोरगा तरी कसला, पस्तिशीचा, दाढीत दोन पांढरे केस. त्याने टेपला कधी हात लावला नसेल, पण कान तयार होता. कंपनीने ते जुनं गाणं नव्याने मिक्स करून काढायचं ठरवलं तेव्हा त्याने स्वतःहून मला फोन केला होता, माझा कागद मागून घेतला होता, चोवीस चौकटींचा, आणि त्याचा फोटो काढून भिंतीला लावला होता. तो तिथे होताच, त्याच्या डोक्यामागे. बाराव्या चौकटीत शाईने “चेलो”. चोविसाव्या चौकटीत शाईने “खुळखुळा”. आणि नीट पाहिलं तर त्या खुळखुळ्याखाली पेन्सिलीचा करडा डाग. फोटोतसुद्धा दिसत होता. मी मान फिरवली.

“ऐकव,” मी म्हणालो. “साफ केलेलं?” “आधीचं.” त्याने खांदे उडवले, दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारल्या. चेलो आला. मी डोळे मिटले नाहीत, मला डोळे मिटून ऐकणाऱ्यांचा तिटकारा आहे. चेलोवाला म्हातारा होता, एक कान हेडफोनमध्ये आणि एक कान उघडा ठेवून वाजवायचा, कारण म्हणायचा, “मला माझा सूर हवेतला ऐकायचाय, तुमच्या डबड्यातला नको.” मोकळी बाजू त्याच्या कानामागे लोंबकळत असायची आणि तिच्यातून आवाज सांडायचा. मी ते तेव्हा काचेतून पाहिलं होतं. उठून त्याला सांगायचं माझं काम होतं, “काका, ती बाजू दाबून धरा.” मी सांगितलं नव्हतं. तो वाजवत होता इतकं सुंदर की थांबवणं जिवावर आलं. चेलो एक लांब स्वर ओढून थांबला, आणि त्या थांबण्यात, जसा शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीतून येतो तसा, तिचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. दुसऱ्या कडव्याआधीची ओळ वर चढते, तिथे सगळ्या गायिका जोर लावतात, ती जोर लावत नव्हती. ती नुसती जिना चढावा तशी चढून गेली, आणि वर पोचल्यावर एक छोटा श्वास घेतला. तो श्वास मला ओळखू आला. ती अजून तसाच घेते, दुकानातून आल्यावर, चार मजले चढून, लिफ्ट बंद असेल तेव्हा. मग चेलो पुन्हा सुरू झाला आणि ती बुडाली. “कळलं ना सर? आणि हे आता,” असं म्हणून त्याने साफ केलेलं लावलं. चेलोचा लांब स्वर, थांबणं, आणि काही नाही. अगदी स्वच्छ. इतकं चोख काम होतं की मला ओरडावंसं वाटलं.

सव्वीस वर्षांपूर्वी हे एका माणसाने ऐकलं होतं. मास्टरिंगवाल्या बाईंनी. आवाज अख्खा वर उचलला की तळाशी दडलेलंही वर येतं, त्यामुळे जे मिक्सला दिसत नाही ते त्यांना दिसतं. त्यांनी फोन केला होता. त्या जास्त बोलत नाहीत. “दुसऱ्या कडव्याआधी चेलोमागे कुणीतरी आहे,” त्या म्हणाल्या होत्या. मी म्हणालो, “गळती आहे. माफ करा.” त्या म्हणाल्या, “गळती सुरात आहे. मी हात लावत नाही.” आणि फोन ठेवला. त्यांनी हात लावला नाही म्हणून ती राहिली. ते गाणं दुकानांत वाजलं, लग्नांत वाजलं, टॅक्सीत वाजलं, आणि दर वेळी दुसऱ्या कडव्याआधी, गायिका श्वास घ्यायला थांबली की, माझी बायको तिच्यामागे अर्धा सेकंद उभी असायची. फक्त मला माहीत होतं. पहिली काही वर्षं ते गाणं लागलं की मी खोलीतून उठून जायचो. पुढे पुढे मी थांबायला लागलो. मग मी ते मुद्दाम लावायला लागलो. बायको म्हणायची, “तुला या गाण्याचं काय एवढं?” मी म्हणायचो, “चेलो.”

“सर, प्रामाणिकपणे सांगतो,” मिक्सवाला म्हणाला, “मी हे ठेवू शकत नाही. लोक म्हणतील मिक्समध्ये घाण राहिली. नाव माझं जाईल, तुमचं नाही. तुम्ही पकडलंत, ते झालं. आता पुढचा निर्णय माझा असतो, हे तुम्हीच सांगायचात ना सगळ्यांना?” सांगायचो. “हो,” मी म्हणालो. “मग?” मला इतकी वर्षं वाटत होतं की कधी ना कधी हे सांगायची वेळ आलीच तर मी नीट मांडून सांगेन. आदी, मध्य, शेवट. प्रत्यक्षात मी म्हणालो, “ती माझी बायको आहे,” आणि ते इतकं बावळट वाटलं की मी उगाच पावाच्या पिशवीची गाठ सोडून परत बांधली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग भिंतीवरच्या कागदाकडे. “चोवीस नंबर?” “हो.” “आणि त्यावर खुळखुळा घेतलात?” “हो.” “सर,” तो अडखळला, “पण खुळखुळा तर गाण्यात नाहीच. तेव्हाच्या मिक्सवाल्याने बंदच ठेवलाय तो. मी जुनं मिक्स दहा वेळा ऐकलंय.” मला हे माहीत होतं. गाणं बाहेर पडलं त्या आठवड्यात मी खुळखुळा शोधत बसलो होतो, दोन्ही स्पीकरच्या मध्ये डोकं घालून, चोर जसा आपलाच माल शोधतो तसा. नव्हता. खुळखुळ्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तो दिवस मी इतक्या वेळा वाजवून पाहिलाय की आता त्याची टेप झिजली असेल. आदल्या दिवशी तिने डमी गायली होती. दुपारी चेलो झाला, बाकीचे झाले. सगळे गेल्यावर संगीतकार माझ्या मागच्या सोफ्यावर आडवे पडून ऐकत होते, न पेटवलेली सिगारेट तोंडात. गाणं संपलं. ते म्हणाले, “परत लाव.” परत लावलं. ते उठून बसले. “ही कोण रे?” “माझी बायको.” “अच्छा! बोलला नाहीस कधी.” मग सिगारेट तोंडातून काढून, “हिचंच ठेवून बघू का? मोठं नाव काय, नेहमीचंच आहे. उद्या ठरवू. पुसू नकोस.” पुसू नकोस हे त्यांनी म्हटलं की नाही, इथे माझी टेप घसरते. काही दिवस मला स्पष्ट आठवतं की म्हटलं. काही दिवस वाटतं की नुसतं “उद्या ठरवू” म्हणाले. ती बाहेर बाकावर बसून माझी वाट बघत होती. स्कूटरवर तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ठरलं की सांगू, उगाच आशा कशाला लावा, असं मी मनाला सांगितलं. चांगलं कारण होतं. पण मला अजून एक गोष्ट आठवते, आणि ती सांगायला लाज वाटते. मागे बसून ती गुणगुणत होती, आणि मला वाटलं, उद्यापासून ही काचेपलीकडची होणार. मी काचेच्या अलीकडे राहणार. हिच्यासाठी माइक लावणार, हिची वाट बघत बसणार. पाच मिनिटांचा विचार होता, पुढचा सिग्नल येईपर्यंत गेलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खुळखुळेवाला लवकर आला. जागा नव्हती. तेवीस चौकटी शाईच्या आणि एक पेन्सिलीची. मी टेप मागे घेतली आणि चोविसाव्या ट्रॅकचं लाल बटण दाबलं. चार मिनिटं खुळखुळा. वाजवणारा घाम पुसत म्हणाला, “ओके?” मी म्हणालो, “ओके.” मग रबर घेतलं, चौकट पुसली, आणि तेव्हा, हातात रबर असताना, मला कालचं “उद्या ठरवू” आठवलं. बोटांनी केलं, असं मी सव्वीस वर्षं म्हणत आलोय. बोटांना सवय असते. पण बोटं माझीच होती, आणि त्यांना आदल्या दिवशीचं माहीत नव्हतं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

संगीतकार आले तेव्हा म्हणाले, “कालचं लाव जरा.” मी सांगितलं. ते काही रागावले नाहीत. तेच लागलं. “अरेरे,” म्हणाले, “बरं, जाऊ दे, आज गायिका येतेयच.” परत गाऊन घेऊ, असं त्यांनी म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. संध्याकाळी घरी तिने जेवता जेवता विचारलं, “त्यांना कसं वाटलं माझं?” मी घास गिळला आणि म्हणालो, “काही बोलले नाहीत.” तीन शब्द. तिने मान हलवली. वर्षभरात तिने डमीची कामं हळूहळू सोडली. भांडण नाही, रडणं नाही. आधी घसा बसला, मग आई आजारी, मग एक दिवस दुकानात जागा आहे म्हणाली. मी मूग गिळून बसलो. संगीतकार वारले, चेलोवाले वारले. आता त्या संध्याकाळचं सगळं माझ्या एकट्यापाशी उरलं होतं, आणि त्या अर्ध्या सेकंदात.

“चार वाजेपर्यंत सांगा,” मिक्सवाला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “तुम्ही म्हणत असाल तर मी ठेवतो. नुसती ठेवत नाही, जरा वर आणतो. ऐकणाऱ्याला कळेल मागे कुणीतरी आहे. छान वाटेल उलट, गूढ वाटेल.” त्याला आता ती कल्पना आवडायला लागली होती. त्याने नुसत्या चेलोचा ट्रॅक पेनड्राइव्हवर घालून दिला, गळतीसकट. “वहिनींना ऐकवा. किती खूश होतील बघा.” जिना उतरताना मला खरंच तसं वाटायला लागलं. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. आणि अर्ध्या वाटेत आठवलं की दूध त्याच्या फ्रिजमध्येच राहिलं.

तिची आज सुट्टी होती. ती इस्त्री करत होती. “दुधाला गेला होतास ना?” “राहिलं.” “पावही?” “पाव आहे.” तिने पावाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “एक ऐकवायचंय.” “आता?” “आताच.” ती इस्त्री उभी करून आली, हात पुसत, आणि माझ्या टेबलाशी बसली, जिथे ती सहसा बसत नाही. मी तिच्या कानांवर हेडफोन चढवला. दोन्ही बाजू नीट बसल्यात का ते पाहिलं. मी लावलं. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त पडद्यावर रेघ पुढे सरकत होती, आणि मला पाठ होतं की कुठे चेलो थांबतो. तिथे रेघ आली. तिचा चेहरा आधी नुसता ऐकणाऱ्याचा होता. मग भुवया जवळ आल्या. मग तिने हाताने हेडफोन कानावर दाबून धरला, चेलोवाल्याने दाबायचा राहिलेला तसा.

“ही मी आहे.”

“हो.”

“हे तर पुसलं होतंस.”

“पुसलं. ही चेलोच्या माइकमध्ये राहिली.” आणि मग मी सगळं सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य वापरलं नाही. सोफा, सिगारेट, हिचंच ठेवून बघू का, खुळखुळा. ती ऐकत होती. दुकानात लोक काचा घालून अक्षरं वाचतात तेव्हा ती अशीच गप्प राहत असेल. माझं झाल्यावर ती म्हणाली, “परत लाव.” परत लावलं. या वेळी ती वर चढणारी ओळ संपेपर्यंत थांबली आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“चांगली गायचे की मी,” ती म्हणाली. कौतुकाने नाही. हरवलेली पावती सापडल्यावर माणूस बघतो तशी.

“फार चांगली.”

“मी तुला विचारलं होतं. त्यांना कसं वाटलं म्हणून.”

“हो.”

“काही बोलले नाहीत, असं म्हणालास.” मी हेडफोनची वायर गुंडाळायला लागलो. “पुसलंस त्याचं मला एवढं नाही. पुसायचे तुम्ही लोक, मला माहीत होतं. पण एवढं सांगितलं असतंस ना, की आवडलं त्यांना. नुसतं एवढं. मी दुसरीकडे जाऊन गायले असते. मला वाटलं, एवढं जीव तोडून गायले आणि माणसाला बोलण्याइतकंही काही वाटलं नाही.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “आणि तू हे इतकी वर्षं ऐकत होतास? माझ्यासमोर बसून? चेलो, चेलो करत?”

मी घाईघाईने म्हणालो, “आता ते राहणार आहे. तो ठेवायला तयार आहे. वर आणतो म्हणतोय, सगळ्यांना ऐकू येईल. चारपर्यंत फक्त सांगायचंय.”

“कुठे ठेवणार? तिच्या गाण्याच्या मागे?”

“म्हणजे, हो. मागे. पण—”

“नको.” तिने घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन. “फोन कर त्याला. काढून टाक म्हणावं. मला कुणाच्या गाण्याच्या फटीत राहायचं नाही.”

“अगं, पण तुझं तेवढंच उरलंय!”

“तुझं उरलंय ते,” ती म्हणाली. “माझं काय उरलंय ते मला बघू दे.” तिने पेनड्राइव्ह स्वतःच ओढून काढला. पर्समधून चष्म्याचं एक रिकामं घर काढलं, दुकानातलं, आत निळं मखमल असलेलं, त्यात तो ठेवला आणि झाकण मिटलं. मग ते घर पर्समध्ये गेलं आणि पर्स तिच्या खांद्याला. घरातल्या घरात खांद्याला पर्स लावून ती स्वयंपाकघरात गेली.

मी फोन केला. मिक्सवाल्याने पहिल्याच रिंगला उचलला. “काय म्हणाल्या वहिनी? खूश?” मी म्हणालो, “काढ.” “काय?” “साफ केलेलं आहे ना तुझ्याकडे, तेच पाठव मास्टरिंगला.” त्याचा सुटकेचा श्वास ऐकू आला, मोठा, थेट माइकवर. “बरं सर. खरं सांगू, मिक्सच्या दृष्टीने तेच बरोबर आहे.” मी म्हणालो, “हो, तुझा निर्णय,” आणि फोन ठेवला. माझ्याकडे आता जुनं गाणं होतं, मी ते लावू शकत होतो, कधीही. पण आता ते माझ्याच्याने लावलं जाणार नव्हतं, हे मला बसल्या जागी कळलं. इस्त्री अजून चालू होती. ती बंद करायला उठावं असं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

आतून आवाज आला. तिने घसा खाकरला. नुसता नाही, दोनदा, मध्ये थोडा वेळ सोडून, माइकसमोर उभं राहिल्यावर सुरू करण्याआधी ती खाकरायची तसा. हा आवाज मी पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. मी जागच्या जागी ताठ झालो. माझा उजवा हात आपोआप टेबलाच्या कडेशी गेला, जिथे पूर्वी लाल बटण असायचं, आणि मी तो मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला. डाव्या हाताने टेबलाशेजारचं पंख्याचं बटण बंद केलं. श्वास रोखला. स्वयंपाकघराची खोली लहान आहे, फरशीची, आवाज तिथे छान घुमतो. मी थांबलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, मोजलं नाही. मग नळ सुरू झाला, आणि भांडी घासायला लागल्याचा आवाज यायला लागला.